जिन्यालगतची भिंत

३ मार्च

आजपासून मी स्वतंत्र व्यावसायिक. कार्यालय म्हणजे जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. जेवायची वेळ झाली की कार्यालय उचलून दिवाणावर न्यायचं आणि टेबल पुसून झालं की परत आणायचं.

अर्धं आयुष्य मी एका वास्तुविशारदांकडे हाताने नकाशे काढले. मागच्या वर्षी साहेबांनी ऑफिस बंद केलं. निरोपाच्या दिवशी म्हणाले, "बाई, तुमच्यासारखा हात मी पाहिला नाही." त्या हाताला आता कोणी विचारत नाही, कारण सगळे नकाशे कॉम्प्युटरवर निघतात. म्हणून मी पडद्यावर अख्खं घर उभं करून दाखवणारं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि ते शिकवणारे व्हिडिओ बघायला लागले. व्हिडिओतला मास्तर दर धड्याच्या सुरुवातीला म्हणतो, "हे अगदी सोपं आहे." हे वाक्य ऐकलं की मी व्हिडिओ थांबवून आधी चहा टाकते.

पण पहिलं काम मिळालंय. आमच्याच घरातला जिना. तो लाकडी आहे, कुरकुरतो, आणि कठडा असा हलतो की धरण्यापेक्षा न धरलेला बरा. काल जेवताना दीर म्हणाले, जिना नवा करून घेऊ या. कुणी दुसऱ्याचं नाव काढायच्या आत मी जाहीर केलं की आराखडा मी करणार. सासूबाई म्हणाल्या, घरातल्या घरात आहे, बिघडलं तरी बाहेर कळणार नाही. याला मी पाठिंबा समजते.

खाली आम्ही तिघं: मी, औषधांचं दुकान चालवणारा माझा नवरा आणि सासूबाई. वर दीर आणि धाकटी जाऊ. दीर शाळेत विज्ञान शिकवतात, धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. जिना आमच्या बैठकीतून निघतो आणि मध्ये दार वगैरे काही नसल्यामुळे थेट त्यांच्या बाहेरच्या खोलीत उघडतो. पुढे गच्ची. कपडे तिथेच वाळत घालायचे असल्यामुळे माझी वर सारखी फेरी असते. धाकटी कामावर असेल तर येता-जाता मी तिचं थोडं आवरूनही ठेवते. तिला कधी सांगावं लागत नाही.

८ मार्च

जिना काढला. काढला म्हणजे एक बटण दाबून माऊस ओढला. पाहते तर जिना वर जायच्याऐवजी जमिनीत उतरलेला. आमच्या घराला तळघर नाही. मग तो उलटा फिरवला, तर वर गेला, पण छताला भोक नसल्यामुळे शेवटच्या पायऱ्या छतात घुसल्या. मास्तर म्हणतो आधी वरच्या जमिनीत जागा सोडा, ते अगदी सोपं आहे. मी जागा सोडली. धाकटीच्या खोलीतलं कपाट त्या जागेतून खाली आमच्या बैठकीत लोंबकळायला लागलं.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, छान आहे. माझा नवरा कुठल्याही गोष्टीला छान आहे म्हणतो. दुकानात गिऱ्हाईक खोकत आलं तरी म्हणत असेल.

११ मार्च

आज धाकटी आपणहून माझ्या टेबलाशी आली. एरवी ती कामावरून येते ती सरळ वर जाते. माझ्यामागे उभी राहून बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. मला वाटलं भारावून गेली. मग तिने विचारलं, जिन्याला गजांच्या कठड्याऐवजी भरीव भिंत करता येईल का.

मी तिला नीट समजावून सांगितलं. भिंतीने जागा कोंदट होते, उजेड अडतो, घराचा मोकळेपणा जातो. आपल्या घराचा जीवच मुळी तो जिना आहे, खालून हाक मारली की वर ऐकू येते, वरचं बोलणं खाली ऐकू येतं. ती म्हणाली, "हो, येतं."

मग जरा थांबून म्हणाली की भिंत थोडी उंच झाली तरी तिला चालेल. मी म्हटलं कमरेएवढी करते आणि तिच्यात छोटे कोनाडे ठेवते, शोभेच्या वस्तूंसाठी. तिने मान हलवली. फार गुणाची आहे. दुसऱ्याचं म्हणणं तिला पटकन पटतं.

१५ मार्च

कमरेएवढी भिंत काही केल्या होईना. जिन्याच्या कडेने भिंत ओढली की सॉफ्टवेअर ती छतापर्यंत उभी करतं. उंची कमी करावी तर वरची बाजू आडवी सरळ राहते, म्हणजे खालच्या पायरीवर भिंत डोक्याएवढी आणि वरच्या पायरीवर घोट्याएवढी. शेवटी रागारागाने सगळे आकडे बदलून पाहिले, तेव्हा भिंत वरच्या मजल्याची जमीन फोडून धाकटीच्या पलंगाच्या बरोबर मधून उगवली. एक उशी इकडे, एक उशी तिकडे.

ते चित्र मी सगळ्यांना दाखवलं. सासूबाईंना हसून ठसका लागला. दीर हसले. धाकटी म्हणाली, "पलंगातून काढा, पण खोलीत राहू द्या." सगळ्यात जास्त मी हसले. मुलीत विनोदबुद्धी आहे, फक्त बाहेर काढावी लागते.

१९ मार्च

वरची मापं हवी होती म्हणून भरदुपारी टेप घेऊन गेले. वाटलं घरात कोणी नसेल. तर धाकटी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि दीर शाळा सोडून तिच्या उशाशी बसलेले. मला पाहून ते उठले. मी म्हटलं बसा बसा, माझं क्षणभराचं काम आहे. पण टेपचं दुसरं टोक धरायला कोणी तरी लागतंच, म्हणून त्यांच्या हातात दिलं.

धाकटीचा चेहरा पांढराफटक, डोळे सुजलेले. सर्दी अंगात मुरली की असंच होतं. मी तिला सांगितलं वाफ घे, आणि ही जाड दुलई एकदा उन्हात टाक, तिला दमट वास येतो. पलंगापासून भिंतीपर्यंतचं माप घेताना मला तिच्यावरून वाकावं लागलं, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. दिरांनी मध्येच टेप सोडला, तो सपकन माझ्या बोटावर आला. इतकी वर्षं मुलांना मोजमापं शिकवतात, पण टेप धरायचं कळत नाही.

मापं मात्र सगळी मिळाली.

२४ मार्च

धाकटी अजून रजेवर आहे. दिरांना विचारलं तर म्हणाले पोट बिघडलंय. त्या दिवशी सर्दी होती, आता पोट. मी रोज भाज्यांचं सूप करून वर नेते आणि ती वाटी रिकामी करेपर्यंत समोर उभी राहते. नाही तर ही मुलं निष्काळजी असतात, तसंच ठेवून देतात.

२ एप्रिल

आता दीरच येऊन म्हणाले की भिंत वर छतापर्यंत घ्यावी. म्हणजे जिना चढून येणारा माणूस त्यांच्या खोलीत न येता भिंतीच्या बाहेरूनच गच्चीकडे जाईल. मी कारण विचारलं. म्हणाले, धूळ येते.

आमच्या घरात धूळ. मी रोज झाडते त्या घरात. पण गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही हे साहेबांकडून शिकलेय, म्हणून मी तीन पर्याय तयार केले. पहिला जाळीची भिंत. दुसरा, भिंतीत गोल गोल भोकं. तिसरा माझा आवडता, अख्खी काचेची भिंत. धूळ नाही, उजेड भरपूर, आणि वर-खाली येता-जाता आपण सगळे एकमेकांना दिसत राहू. काच बसवलेलं चित्र इतकं सुरेख आलं की मी त्यात सोफ्यावर बसलेली एक बाईसुद्धा टाकली. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात.

दिरांनी ते चित्र खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, काच नको."

कलेची दृष्टी सगळ्यांना नसते.

९ एप्रिल

जमलं. सापडलं. भिंतीच्या गुणधर्मांच्या चौकटीत तळाशी, जिथे माणसाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी, एक छोटा चौकोन आहे: जिन्याच्या उताराबरोबर चालावे. तिथे खूण केली आणि भिंत पायऱ्यांबरोबर तिरपी होऊन सरसर वर गेली. महिनाभर मी या भिंतबाईशी झगडत होते आणि तिला फक्त हे सांगायला हवं होतं की जिन्याकडे बघून चाल.

आनंदाने मी ओरडले. सासूबाई बाहेर आल्या, त्यांना वाटलं पाल पडली अंगावर.

नवऱ्याला फोन केला. छान आहे म्हणाला.

१३ एप्रिल, रविवार

आज घरच्यांसमोर सादरीकरण. टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, आपण वाट आखून द्यायची, मग कॅमेरा माणसाच्या नजरेच्या उंचीवरून चालत सगळं घर फिरवून आणतो. मी चांगली लांबलचक वाट आखली होती.

सुरुवात झकास झाली. बैठकीतून निघालो, जिना चढलो, शेजारून माझी तिरपी भिंत, कोनाड्यात फुलदाणी. सासूबाई म्हणाल्या, "खरोखर चढतोय असं वाटतंय." वर छतापर्यंत भिंत केली होती खरी, पण मध्ये जाळी ठेवली होती, कारण मला राहवलं नाही.

आता कॅमेऱ्याने गच्चीकडे वळायचं. पण माझी वाट आखताना कुठे तरी चुकली. कॅमेरा वळलाच नाही. तो थेट भिंतीतून आरपार गेला, धाकटीची बाहेरची खोली ओलांडली, मग आतल्या खोलीची भिंतही पार केली आणि पलंगाशी जाऊन थांबला. तिथेच माझी वाट संपत होती. पडद्यावर नुसता पलंग, वरून पाहिलेला, आणि कॅमेरा हलेना.

नवरा हसायला लागला. सासूबाईही हसल्या. मी बटणं दाबत होते. तेवढ्यात धाकटी हळूच म्हणाली, "हे असंच होतं." आणि उठून वर गेली.

कॉम्प्युटरबद्दल म्हणाली असावी. तिच्या दुकानातही डोळे तपासायचं यंत्र सारखं अडकतं, असं एकदा सांगत होती. दीर तिच्यामागे गेले. मी सगळ्यांना चहा केला. वर नेऊन देणार होते, पण नवरा म्हणाला, राहू दे. त्याने कधी मला कशाला राहू दे म्हटलेलं नाही.

१५ एप्रिल

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दीर आले आणि बादलीतले कपडे पिळून माझ्या हातात देऊ लागले. मला वाटलं जाळीबद्दल बोलायचं असेल. मी आधीच म्हणून टाकलं, की जाळी काढते, एवढं काय.

ते म्हणाले, "वहिनी, भिंत तुम्हाला हवी तशी करा. पण वर एक दार हवं. आणि कडी आतून, आमच्या बाजूला."

मी विचारलं, कडी कशाला. घरात चोर आहेत का.

तेव्हा त्यांनी सांगितलं. धाकटीला दिवस गेले होते. नीट होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. मागच्या महिन्यात ते गेलं. दवाखान्यातून तिला घरी आणलं आणि ती जेमतेम आडवी झाली होती, तेव्हा मी टेप घेऊन आले.

ते अजिबात चिडले नव्हते. हातातला शर्ट पुन्हा पुन्हा पिळत होते, त्यातून पाणी येईनासं झालं तरी. म्हणाले, "तिला रडायचं असतं. पण जिन्यावर पाऊल वाजलं की ती तोंड धुऊन येते. मग तुम्ही सूप घेऊन समोर उभ्या राहता. ती संपवते आणि मग तिला उलटी होते. दादालाही यातलं काही माहीत नाही. दार हवंय एवढंच त्याला सांगितलं होतं, तर तो म्हणाला, वहिनीला तूच सांग, माझी हिंमत नाही."

मी शर्ट त्यांच्या हातातून घेतला आणि दोरीवर घातला. चिमटा लावला. खाली आले. बादली वरच राहिली.

१६ एप्रिल

राग आलाय. या घरात मी कुणाचं वाईट केलं? सूप काय मला हौस होती म्हणून नेत होते? सांगितलं असतं तर मी तिचं डोकं मांडीवर घेतलं असतं. न सांगता मला कळायचं कसं? आणि आता मी आले की कडी लावणार. मी.

काम बंद. ज्याला भिंत हवी त्याने आपली आपण काढावी. ते अगदी सोपं आहे.

२० एप्रिल

वर गेलेले नाही. कपडे खुर्च्यांवर वाळतायत. बैठकीत बसायला जागा उरलेली नाही, नवरा आज माझ्या ओल्या दुपट्ट्याशेजारी अंग चोरून पेपर वाचत होता. सासूबाईंनी विचारलं गच्ची पडली का. म्हटलं, गुडघा दुखतोय. तर त्यांनी तेल आणलं आणि माझा अगदी ठणठणीत गुडघा बळेच चोळून दिला. नको नको म्हणत होते तरी चोळत राहिल्या. प्रेमाने चोळत होत्या आणि मला मात्र कधी एकदा थांबतात असं झालं होतं.

तिथे बसल्या बसल्या डोक्यात काही तरी आलं. ते मला आवडलं नाही. म्हणून लगेच उठून भाजी चिरायला घेतली.

२३ एप्रिल

फाईल उघडली. जाळी काढली. कोनाडे काढले. कोनाडे काढताना जीव तुटला, खोटं कशाला लिहू.

भिंत एकाच तुकड्यात होत नव्हती. खाली ती जिन्याबरोबर तिरपी चालायला हवी आणि वर सरळ छतापर्यंत जायला हवी, म्हणून चढणीच्या शेवटी ती तोडली आणि दोन भाग वेगळे केले. खालची खालच्या मजल्याची, वरची वरच्या. दोघी एका रेषेत आल्या नाहीत तर मध्ये फट दिसते. दिवसभर ती फट बुजवत बसले. मग जिन्याच्या डोक्यावर एक छोटी सपाट जागा काढली, दोन माणसं उभी राहतील एवढी. डावीकडे गच्ची. उजवीकडे दार.

दार भरीव घेतलं. ते कुठल्या बाजूला उघडायचं असं सॉफ्टवेअर विचारतं. मी आतल्या बाजूला म्हटलं. जिन्याकडे उघडलं असतं तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मागे सरकावं लागलं असतं, पायऱ्यांवर ते धोक्याचं. आणि तसंही ते त्यांचं दार आहे, त्यांच्याकडे उघडू दे. कडी दाखवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाही. सुताराला तोंडी सांगेन.

मग कॅमेरा जिन्याने वर नेला. या वेळी वाट दारापाशी संपवली. भिंत अंगावर येत नव्हती. खरं सांगायचं तर छान दिसत होती. म्हटलं, नवऱ्याचं बोलणं मला लागलं की काय.

२७ एप्रिल

सासूबाईंना नवा आराखडा दाखवावाच लागला. त्या दाराशी अडल्या. "हे काय?" असं विचारून दीर आणि धाकटीकडे पाहिलं. सगळे जेवायला बसलो होतो. दीर काही बोलायला तोंड उघडत होते. धाकटी ताटात बघत होती, मानेपर्यंत लाल झाली होती. आता त्या खोदून विचारणार, आणि तिला सगळ्यांसमोर एक तर सांगावं लागणार, नाही तर खोटं बोलावं लागणार.

मी म्हटलं, "आई, दार मी घातलंय. माझी कल्पना आहे."

त्यांचा विश्वास बसेना. म्हणाल्या, इतकी वर्षं मोकळं घर होतं, तूच सगळ्यांना सांगत सुटायचीस. मी म्हटलं, हो, पण आता शिकले तेव्हा कळलं की जिना असा खोलीत उघडणं चुकीचं असतं. आग लागली तर धूर वर चढतो. असं बरंच काही बोलले, त्यातलं थोडं खरंही होतं. नवरा म्हणाला, दार छान आहे. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "थोरल्या सुनेने घर बांधून ठेवायचं असतं. तुला ते झेपेना म्हणून तू भिंत घालतेयस."

मला उत्तर येत होतं. एका वाक्यात त्यांचं तोंड बंद करणारं आणि माझी बाजू स्वच्छ करणारं उत्तर माझ्याजवळ होतं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल, आणि ते कौतुकाने पाहायला कोणीही मोकळं नव्हतं. धाकटीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, दुकानात ती लोकांच्या डोळ्यांत बघते तसं, अगदी जवळून काही तरी शोधल्यासारखं. मी भात मागितला.

२ मे

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. काही हवं असेल तर भिंतीकडे बघून म्हणतात, कुणी तरी पाणी द्यावं. मी देते.

१८ मे

गवंडी आला आहे. जुना जिना निघाला, त्यामुळे दिरांना आणि धाकटीला मागच्या बाजूला शिडी लावून दिलीय. घरभर सिमेंट. पडद्यावर मी एका क्लिकमध्ये भिंत उभी करायचे आणि नको असेल तर पुसायचे. इथे गवंडी दोरी लावतो, ओळंबा धरतो, आणि एक थर चढला की चहा मागतो. चूक झाली तर परत घ्यायचं बटण कुठे असतं, असं मी त्याला विचारलं. त्याने हातोडा दाखवला.

भिंत तिरपी चढवताना तो मला विचारून विचारून करत होता. सासूबाई खुर्ची टाकून लांबून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी भिंतीला उद्देशून म्हटलं, कामाला बाईचा हात आहे खरा. माझ्याकडे बघून नव्हे. पण भिंतीला हात नसतात, म्हणजे ते मलाच असणार.

२९ मे

दार बसलं. सुताराने विचारलं कडी कुठल्या बाजूला. सगळे आपापल्या कामात होते. मी सांगितलं, आतून.

त्यानंतर कपड्यांची बादली घेऊन वर गेले. डावीकडे वळून गच्ची. उजवीकडे बघितलं नाही. मी मोठा पराक्रम केल्यासारखं हे लिहितेय, पण एका बंद दाराशेजारून माझ्यासारख्या बाईने सरळ निघून जाणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

६ जून

दुपारी फोन वाजला. धाकटीचा. वरून खाली फोन. मला वाटलं काही पडलं, कुणाला लागलं. ती म्हणाली, "ताई, आज सुट्टी घेतलीय. वर येता का? चहा टाकलाय."

मी हो म्हटलं आणि मग माझी तारांबळ उडाली. घरातलेच कपडे होते अंगावर. ते बदलले. केस विंचरले. आरशात पाहिलं तर बाई कुठे तरी लांब पाहुणी निघाल्यासारखी दिसत होती. मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून स्वयंपाकघरात गेले, सुपाच्या भांड्याकडे हात गेला, तो मागे घेतला. मोकळ्याच हाताने गेले.

दार तिने आधीच उघडून ठेवलं होतं, तरी मी बाहेर थांबले. ती म्हणाली, या ना. आत गेले आणि उभीच राहिले, कारण कुठे बसायचं ते मला कळेना. इतकी वर्षं मी त्या खोलीत आले, आवरलं, मोजलं, सूप घेऊन उभी राहिले, पण बसले कधीच नव्हते. खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. तिथून शेजारचं मैदान दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. तिने मला त्या खुर्चीत बसवलं आणि आपण खाली पायांची घडी घालून बसली.

चहा झाला. मी काही विचारलं नाही. मला प्रश्नांची उबळ येत होती, खोकल्यासारखी, ती मी चहाबरोबर गिळत होते. ती दुकानातल्या गमती सांगत होती. एक आजोबा तपासणीच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येतात म्हणे, चष्मा नको म्हणून. आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली.

"भाऊजींनी तुम्हाला सांगितलंय ना?" असं ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. भाऊजी माझे, तिचा तो नवरा. इतकी गडबडली होती. मी म्हटलं हो.

मग तिने सांगितलं. दवाखान्यातलं, त्या आधीच्या आठवड्यातलं, तिला कसं वाटत होतं की सगळं ठीक आहे. मध्ये मध्ये थांबत होती. मी सल्ला दिला नाही. मांडीवर डोकंही घेतलं नाही, कारण ती तशी आली नाही. ती रडली तेव्हा मी खुर्चीतून उतरून तिच्याशेजारी जमिनीवर बसले, एवढंच. खालून सासूबाईंनी मला हाक मारली असावी, अस्पष्ट काही तरी ऐकू आलं. भिंतीमुळे नीट कळलं नाही. मी उठले नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली की तिने एक नाव ठरवून ठेवलं होतं. मुलगा असो की मुलगी, दोघांना चालेल असं. दिरांनाही अजून सांगितलेलं नाही. ते तिने मला सांगितलं, कानात नाही, पण हळू आवाजात.

या वहीत मी आजवर काहीही लपवलेलं नाही. माझा मूर्खपणा तर तारीखवार लिहिलाय. नाव फार सुंदर होतं. ते मी इथे लिहिणार नाही.